डोळ्यांचे थेंब आणि हृदयाचे ठोके: क्लिनिकल ट्रायलमध्ये नव्याने काम करणाऱ्यांसाठी

काचबिंदूसाठी दिल्या जाणाऱ्या टिमोलॉल ०.५ टक्के ड्रॉप्समध्ये दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम औषध असतं. एक थेंब साधारण ४० मायक्रोलिटरचा धरला तर त्यात ०.२ मिलिग्रॅम आलं. यातलं थोडंच डोळ्यात मुरतं. बरंचसं अश्रुनलिकेतून नाकात उतरतं आणि तिथल्या ओल्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात मिसळतं. गोळी आधी यकृतातून जाते आणि तिथे तिचा बराच भाग मोडतो. थेंबाच्या वाटेत हा टप्पा येत नाही. आणि टिमोलॉल हे बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या जातीचं औषध आहे. त्यामुळे ज्याचे ठोके आधीच मंद आहेत, त्याला डोळ्यात टाकलेल्या औषधाने चक्कर येऊ शकते, भोवळ येऊन तो पडू शकतो, क्वचित हार्ट ब्लॉकही, म्हणजे हृदयातला विद्युत संदेश अडणं, होऊ शकतो.

इंदूरमध्ये डोळ्यांच्या किंवा हृदयाच्या अभ्यासात समन्वयक म्हणून लागणारी मुलं-मुली बहुतेक ऑप्टोमेट्री, नर्सिंग, फार्मसी किंवा ईसीजी तंत्रज्ञ या शिक्षणातून येतात. ज्याला नजरेचा तक्ता वाचून घेता येतो त्याला ईसीजी परका वाटतो, आणि ज्याला ईसीजी येतो तो ड्रॉप्सच्या बाटलीकडे पाहत नाही. पुढची सगळी माहिती या दोघांसाठी आहे.

प्रोटोकॉल कुठून वाचायचा

प्रोटोकॉल म्हणजे अभ्यास कसा करायचा याचा लेखी आराखडा. त्याची शंभर-दीडशे पानं पहिल्यापासून वाचत बसू नका. आधी भेटींचा तक्ता काढा: कुठल्या भेटीला कुठली तपासणी, आणि ठरलेल्या तारखेच्या मागे-पुढे किती दिवसांची सवलत. मग कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही याचे निकष. तिसरी, निषिद्ध औषधांची यादी. चौथं म्हणजे मुख्य निष्कर्ष कशावर काढणार ते. हे चार भाग एका कागदावर स्वतःच्या अक्षरात उतरवून टेबलाच्या काचेखाली ठेवा.

चौथ्या मुद्द्यावर थोडं थांबा. १९८९ मध्ये कास्ट या अमेरिकन अभ्यासाचे पहिले निष्कर्ष आले. हार्ट अटॅकनंतर हृदयाचे जास्तीचे, अवेळी पडणारे ठोके दाबणारी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं रुग्णांना दिली होती. ईसीजीवरचे ठोके सुधारले, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू वाढले. कागदावरची रेघ सरळ होणं आणि माणूस जगणं या दोन गोष्टी एक नसतात, हे हृदयाच्या संशोधनाला त्या अभ्यासाने शिकवलं. डोळ्यांतलं उलट उदाहरण २००२ चं आहे. ज्यांचा डोळ्याचा दाब जास्त, पण काचबिंदू अजून झालेला नाही, अशा १,६३६ लोकांच्या अमेरिकन अभ्यासात ड्रॉप्स घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना आणि न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना पाच वर्षांत काचबिंदू झाला. तिथे दाब मोजून न थांबता डोळ्याची नस आणि दृष्टीचं क्षेत्र यांवर निकाल लावला होता. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये निकाल ज्या मोजमापावर लागणार आहे, ते मोजमाप चुकलं तर बाकीचे कागद कितीही नीट असले तरी उपयोग नाही.

एथिक्स कमिटीची (रुग्णांच्या हितासाठी अभ्यास तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आणि सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतली नोंदणी, दोन्ही पहिला रुग्ण घेण्याआधी हवीत. मंजुरीच्या पत्रावर प्रोटोकॉलची आणि संमतीपत्राची आवृत्ती, तारखेसह, लिहिलेली असते. फाइलमधल्या प्रतीशी ती अक्षर न् अक्षर जुळवून पाहा.

संमती

इंदूरमध्ये या कामाला इतिहास आहे. इथल्या औषध-चाचण्यांबद्दल गंभीर आक्षेप उठले, 'स्वास्थ्य अधिकार मंच' या इथल्याच संस्थेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २०१३ मध्ये न्यायालयाने संमती घेतानाचं दृक्श्राव्य चित्रण करण्याचा आदेश दिला. आज लागू असलेल्या २०१९ च्या नियमांत नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल गटातल्या व्यक्तींची संमती चित्रित करणं बंधनकारक आहे. तुमच्या अभ्यासाला ते लागू आहे का, हे एथिक्स कमिटीच्या पत्रात पाहा. लागू नसलं तरी संमती तितक्याच सावकाश घ्या. या शहरातल्या रुग्णाच्या मुलाने 'ट्रायल' हा शब्द ऐकून भुवया उंचावल्या, तर त्याचं काही चुकत नाही.

सगळ्यात आधी भाषा. रामबागेतल्या किंवा राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या मराठी घरांतल्या आजी मराठी वाचतात, त्यांची नातवंडं हिंदी वाचतात, आणि केंद्रात बहुधा हिंदी आणि इंग्रजी संमतीपत्रं तयार असतात. "आजी, तुम्ही पेपर कुठल्या भाषेत वाचता?" असं सरळ विचारा. उत्तर मराठी आलं, तर हिंदी कागद समोर ठेवून तोंडी मराठीत समजावून सही घेऊ नका. मराठी भाषांतर, त्याचं प्रमाणपत्र आणि उलट भाषांतर एथिक्स कमिटीकडून मंजूर होऊ द्या. त्याला काही आठवडे लागतात, म्हणून केंद्र सुरू होतानाच मराठी प्रत मागून ठेवावी.

डोळ्यांच्या रुग्णांत एक वेगळी अडचण येते: ज्याला दिसत नाही म्हणून तो तुमच्याकडे आला आहे, त्यालाच आपण दहा पानं वाचायला देतो. मोठ्या अक्षरांची प्रत मंजूर करून घ्या. वाचताच येत नसेल तर संपूर्ण वाचून दाखवा आणि अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार सुरुवातीपासून खोलीत बसवा. सहीपुरता बोलावलेला साक्षीदार चालत नाही. आणि बाहुली मोठी करण्याचे ड्रॉप्स टाकल्यावर संमती कधीही घेऊ नका. त्यानंतर जवळचं अक्षर कुणालाच धड दिसत नाही.

कुणाला कुठलं औषध मिळेल ते संगणक ठरवतो, डॉक्टर नाही, हे "नाणं उडवल्यासारखं" म्हटलं की पटकन कळतं. समजलं का, असं विचारू नका, कारण सगळे मान हलवतात. "काका, मधेच सोडावंसं वाटलं तर काय कराल?" असं विचारा आणि त्यांचं उत्तर ऐका. संमतीपत्रात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव हे रकाने असतात. नवी माणसं ते संकोचाने रिकामे सोडतात. नुकसानभरपाईची वेळ आली तर नेमके हेच रकाने लागतात. सहीसोबत तारीख रुग्णाने स्वतः घालावी, वेळ नोंदवावी, आणि एक प्रत त्याच्या हातात द्यावी.

सहीआधी अभ्यासासाठी म्हणून काहीच करायचं नाही: उपाशीपोटी रक्त नाही, जादा ईसीजी नाही, चालू ड्रॉप्स थांबवणं तर मुळीच नाही. काचबिंदूच्या अभ्यासांत जुन्या औषधाचा असर उतरू द्यावा लागतो. बीटा-ब्लॉकर आणि प्रोस्टाग्लँडिन ड्रॉप्सना बहुधा चार आठवडे, ब्रिमोनिडिनला दोन, डॉर्झोलामाइडसारख्यांना पाच दिवस ते आठवडा. "तसेही येणारच आहेत" म्हणून फोनवरच ड्रॉप्स बंद करायला सांगितलं, तर तो नियमभंग आहे आणि रुग्णाच्या नसेलाही धोका आहे.

भरती करण्याआधी आणखी एक विचारा: पुण्याला मुलाकडे किंवा बंगळुरूला लेकीकडे किती महिने जाता? इथल्या ज्येष्ठ मराठी मंडळींच्या चुकलेल्या भेटी पुष्कळदा यातून येतात. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, त्या दिवशी राजवाड्याकडच्या कुणाला भेट देऊ नका. रस्ते बंद असतात आणि रंग डोळ्यांत जातो.

औषधांची यादी, नीट विचारून

"कुठल्या गोळ्या चालू आहेत?" या प्रश्नाला ड्रॉप्स हे उत्तर येत नाही, कारण प्रश्नच गोळ्यांचा आहे. असं विचारा: "डोळ्यांत, नाकात, कानात काही टाकता का? पंप ओढता का? कुठलं मलम? इंजेक्शन? वैद्यांचं काही?" पुढच्या वेळी सगळ्या बाटल्या आणि पाकिटं पिशवीत घालून आणायला सांगा आणि नावं पाकिटावरून लिहा. पुढच्या जोड्या मात्र पाठच असायला हव्यात.

टिमोलॉल ड्रॉप्स: मंद नाडी, दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचा हार्ट ब्लॉक, उघड हार्ट फेल्युअर, दमा असलेल्यांना वर्ज्य. सोबत व्हेरापामिलची गोळी असेल तर ठोके आणखी उतरतात. उलट दिशेने, रक्तदाबासाठी किंवा धडधडीसाठी घेतलेली मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर गोळी डोळ्याचाही दाब उतरवते. अशा रुग्णाची गोळी अभ्यासाच्या मध्यावर बदलली, तर डोळ्याचा दाब हलतो आणि श्रेय किंवा दोष नव्या ड्रॉप्सना जातो.

अमिओडॅरोन: ठोक्यांच्या अनियमिततेवरचं हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या जवळजवळ सगळ्यांच्या बुबुळावर भोवऱ्यासारख्या तपकिरी रेषा उमटतात. नजर सहसा बिघडत नाही आणि औषध थांबल्यावर रेषा जातात. क्वचित डोळ्याच्या नसेला सूज येते आणि ती गंभीर असते. शरीरातून हे औषध निघायला आठवडे-महिने लागतात, त्यामुळे "दोन आठवड्यांपूर्वी बंद केलं" याला निकषांत फारसा अर्थ नाही.

डिगॉक्सिन जास्त झालं की सगळं पिवळसर दिसतं. आयव्हाब्रॅडीन घेणाऱ्यांना प्रकाशाचे झोत चमकल्यासारखे दिसतात, कारण हृदयातल्या ज्या प्रवाहावर ते काम करतं त्याचा भाऊबंद प्रवाह डोळ्याच्या पडद्यातही आहे. ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या पोटॅशियम उतरवतात आणि पोटॅशियम कमी झालं की ठोके बिघडू शकतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन पडदाही खराब करू शकतं आणि ईसीजीवरचं क्यूटी अंतरही (ठोक्यानंतर हृदय विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) वाढवतं. मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं फिंगोलिमॉड पहिल्या डोसला ठोके मंद करतं, म्हणून सहा तास नजरेखाली ठेवावं लागतं, आणि पुढे मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाला, सूज येऊ शकते म्हणून तीन-चार महिन्यांनी डोळे तपासावे लागतात. नेत्रतज्ज्ञ आणि हृदयतज्ज्ञ एकाच अभ्यासात का बसलेले दिसतात, ते यावरून कळेल.

काही आजारही दोन्ही घरचे असतात. विशीच्या आतला मुलगा, पापण्या लोंबलेल्या, डोळे फिरत नाहीत, पडद्यावर रंगद्रव्याचे ठिपके: हा केर्न्स-सेअर नावाचा दुर्मिळ आजार असू शकतो आणि त्यात हार्ट ब्लॉक होऊन जीव जाऊ शकतो. त्याचा ईसीजी त्याच दिवशी व्हायला हवा. तसंच, एका डोळ्याची नजर न दुखता अचानक गेली तर तो पडद्याच्या रोहिणीतला अडथळा असू शकतो. ते पक्षाघाताइतकंच तातडीचं आहे. अशा रुग्णाला पुढच्या भेटीची तारीख देऊ नका, लगेच डॉक्टरांना बोलवा. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके पूर्ण अनियमित पडणं, हे त्यामागचं एक कारण असू शकतं.

डोळ्यांच्या खोलीतला क्रम

क्रम असा: नाडी आणि रक्तदाब, ईसीजी असेल तर ईसीजी, मग चष्म्याचा नंबर आणि नजर, मग डोळ्याचा दाब, मग डोळ्यातला पाणी वाहून जाण्याचा कोन अरुंद नाही हे डॉक्टरांनी पाहिल्यावर बाहुली मोठी करणं, शेवटी ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) आणि फोटो. दाब आधी मोजला तर त्यासाठी डोळ्यात घातलेला रंग आणि बुबुळाला झालेला स्पर्श यांनी नजर धूसर होते. बाहुली मोठी करण्याच्या नेहमीच्या ड्रॉप्समध्ये ट्रॉपिकामाइड ०.८ टक्क्यासोबत फेनिलेफ्रिन ५ टक्के असतं. फेनिलेफ्रिन रक्तदाब आणि नाडी हलवू शकतं. हृदयरोग्यात साधं ट्रॉपिकामाइड वापरायचं का, हे डॉक्टरांना आधी विचारा. १० टक्क्यांचं तर टाळावंच. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत माणूस हवा, हे आदल्या दिवशीच्या फोनवर सांगा.

नजर मोजायचा ईटीडीआरएस हा अक्षरांचा तक्ता ४ मीटरवर. रुग्णाची खुर्ची कुठे ठेवायची त्याची खूण जमिनीवर कायमची रंगवून घ्या. एका ओळीत ५ अक्षरं, एकूण १४ ओळी. एकेक अक्षर सावकाश, बोट न दाखवता वाचून घ्या. "दिसत नाही" म्हटलं तर अंदाज सांगायला लावा. ४ मीटरवर २० किंवा जास्त अक्षरं वाचली तर त्यात ३० मिळवायचे: ४७ वाचली, गुण ७७. २० पेक्षा कमी असतील तर तक्ता १ मीटरवर आणून, चष्म्यात +०.७५ घालून पहिल्या सहा ओळी वाचून घ्यायच्या आणि दोन्हींची बेरीज करायची. नवा माणूस हे ३० विसरला की कागदावर रुग्णाची नजर सहा ओळींनी गेलेली दिसते आणि अभ्यास चालवणाऱ्या कंपनीचा फोन येतो. इंग्रजी अक्षरं न येणाऱ्यांसाठी प्रोटोकॉलने 'ई' चा तक्ता दिला असेल, तर शेवटच्या भेटीपर्यंत तोच वापरा.

डोळ्याचा दाब दिवसभर बदलतो, बहुतेकांत सकाळी जास्त असतो. पहिली भेट नऊला झाली असेल तर पुढच्याही नऊलाच. देवास-धारहून येणाऱ्याला अकराची वेळ सोयीची वाटत असेल, तर पहिल्या दिवसापासूनच अकरा ठरवा. दोन वाचनं घ्या. २ पेक्षा जास्त फरक आला तर तिसरं घ्यायचं आणि मधलं धरायचं, असं बहुतेक प्रोटोकॉल सांगतात. दाब मोजायचा गोल्डमन टोनोमीटर महिन्यातून एकदा ०, २ आणि ६ या खुणांवर तपासून वहीत नोंदवा.

फ्लुओरेसिनचं इंजेक्शन देऊन पडद्याचे फोटो काढायचे असतील तर ॲड्रेनॅलिन आणि ऑक्सिजन त्याच खोलीत हवं, शेजारच्या खोलीत चालणार नाही. मळमळ नेहमीची, गंभीर ॲलर्जी क्वचित, पण होते. लघवी दिवसभर पिवळी-केशरी होईल हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण घाबरून रात्री फोन करतात.

ईसीजी

रुग्णाला पाठीवर झोपवून किमान पाच मिनिटं, प्रोटोकॉल म्हणेल तर दहा, शांत पडू द्या. त्याआधी अर्धा तास चहा-विडी नको. रक्त काढायचं ते ईसीजीनंतर, कारण सुई टोचली की ठोके वाढतात. उपाशीपोटी रक्ताच्या भेटीला "काही खाल्लं नाही ना?" इतकं पुरत नाही. "पोहे-जिलबी झाली का सकाळची?" असं नाव घेऊन विचारा. इंदूरकरांना पोहे हे खाणं वाटत नाही.

छातीवरच्या इलेक्ट्रोडपैकी व्ही१ आणि व्ही२ चौथ्या फासळीच्या फटीत, उरोस्थीच्या उजव्या आणि डाव्या कडेला. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: फटी न मोजता इलेक्ट्रोड दोन फटी वर लागतात आणि ईसीजीत नसलेला दोष दिसतो. व्ही४ पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यापासून खाली येणाऱ्या रेषेवर. व्ही३ हा व्ही२ आणि व्ही४ च्या मधे. व्ही५ आणि व्ही६ व्ही४ च्याच पातळीत, काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषेवर. बायकांच्या बाबतीत संकोचाने इलेक्ट्रोड स्तनावर लावले जातात. पडदा ओढा, बाई तंत्रज्ञ असू द्या, आणि योग्य जागी लावा. कागद २५ मिलिमीटर दर सेकंद, उंची १० मिलिमीटर दर मिलिव्होल्ट. लीड एक उलटा आणि एव्हीआर सरळ दिसला की हातांच्या तारा अदलाबदल झाल्या आहेत का ते आधी पाहा.

क्यूटी अंतर ठोक्यांच्या वेगाप्रमाणे दुरुस्त करावं लागतं. नाडी ७५, म्हणजे दोन ठोक्यांत ०.८ सेकंद, क्यूटी ४०० मिलिसेकंद. फ्रिडेरिशियाच्या सूत्राने, म्हणजे ०.८ च्या घनमुळाने भागून, ४३१ येतात. बॅझेटच्या सूत्राने, वर्गमुळाने भागून, ४४७. रुग्ण एकच, ईसीजी एकच. यंत्र बहुधा बॅझेटचा आकडा छापतं आणि प्रोटोकॉल बहुधा फ्रिडेरिशियाचा मागतो, म्हणून छापील आकडा तसाच उतरवू नका. ५०० च्या वर गेलं किंवा सुरुवातीपेक्षा ६० ने वाढलं, तर रुग्णाला घरी न सोडता डॉक्टरांना दाखवा. तीन ईसीजी मागितले असतील तर एक-दोन मिनिटांच्या अंतराने तीन वेगळे काढा. एकाच्या तीन प्रती करणं ही बनावट नोंद आहे.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये पी तरंग नसतो आणि ठोक्यांतलं अंतर कुठल्याच हिशेबात बसत नाही. एका लीडच्या पट्टीवर निदानाला किमान ३० सेकंदांची नोंद लागते. अशा रुग्णाची नाडी पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका, पूर्ण मिनिट मोजा, आणि छातीवर स्टेथोस्कोप ठेवूनही मोजा, कारण काही ठोके मनगटापर्यंत पोचत नाहीत. स्वयंचलित रक्तदाब यंत्रही इथे फसतं, तीन वाचनं घ्या. झडपेचा संधिवाताचा आजार आहे का, हे इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालातून पक्कं करा. २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासात अशा रुग्णांत, रक्त गोठू न देणाऱ्या औषधांपैकी रिव्हारोक्साबॅनपेक्षा वॉर्फरीनच्या जातीची औषधं सरस ठरली, त्यामुळे रुग्ण कुठल्या गटात मोडतो यावर उपचार बदलतो.

ईसीजीच्या थर्मल कागदावरची छपाई फिकी पडते. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, दोन्हींवर सही-तारीख करा. होल्टर (घरी अंगावर बाळगायचं, सलग ईसीजी नोंदवणारं यंत्र) लावताना छातीचे केस काढा, स्पिरिट पूर्ण वाळू द्या. मे महिन्यात घामाने इलेक्ट्रोड सुटतात, म्हणून जादा इलेक्ट्रोड आणि ते कसे लावायचे याचं चित्र सोबत द्या. डायरी रुग्ण लिहीत नसेल तर सुनेला किंवा नातवाला दाखवून ठेवा: किती वाजता, काय करताना, काय झालं.

औषध आणि थेंब

न उघडलेलं लॅटानोप्रोस्ट २ ते ८ अंशांत ठेवायचं. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत सहा आठवडे चालतं, पण इंदूरच्या उन्हाळ्यात घरातला कट्टा २५ वर राहत नाही. फ्रिजच्या दारात नव्हे, मधल्या फळीवर ठेवायला सांगा. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरायचा. सुरुवातीला सांगितलं ते हेच: नळीची वाट बंद केली की रक्तात जाणारं औषध घटतं. रुग्णाकडून तुमच्यासमोर साध्या अश्रू-ड्रॉप्सने हे करून घ्या. हात थरथरत असेल, तर थेंब गालावर जातो आणि बाटली लवकर संपते. परत आलेल्या बाटल्या मोजताना किंवा वजन करताना हे लक्षात असू द्या.

गंभीर घटना

मृत्यू, जिवाला धोका, दवाखान्यात भरती होणं किंवा भरती लांबणं, कायमचं अपंगत्व, जन्मजात व्यंग: यांतलं काहीही झालं तर प्रमुख संशोधकाने घटनेपासून २४ तासांत केंद्रीय औषध नियंत्रकांना, कंपनीला आणि एथिक्स कमिटीला कळवायचं असतं. सविस्तर विश्लेषण १४ दिवसांत. संबंध आहे की नाही हे ठरेपर्यंत थांबायचं नाही. तो प्रश्न १४ दिवसांच्या अहवालाचा आहे. उपचार विनामूल्य मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे.

उशीर बहुतेक वेळा एकाच प्रकारे होतो. डोळ्यांच्या अभ्यासातले आजोबा रात्री चक्कर येऊन पडतात, घरचे त्यांना महूच्या किंवा देवासच्या नर्सिंग होममध्ये नेतात, नाडी ३८ असते, दोन दिवसांनी सोडतात. डोळ्यांच्या दवाखान्याला हे कळवायचं कुणाच्या मनातही येत नाही. तिथल्या डॉक्टरांना ड्रॉप्सबद्दल कुणी सांगत नाही, आणि नर्ससुद्धा रोज संध्याकाळी नेमाने तेच ड्रॉप्स टाकत राहते. म्हणून रुग्णाला पहिल्याच दिवशी मराठी-हिंदीत एक कार्ड द्या: अभ्यासाचं नाव, औषध कुठल्या जातीचं असू शकतं, चोवीस तास उचलला जाणारा फोन नंबर. एक पाकिटात, एक फ्रिजच्या दारावर. दर फोनला हेच तीन प्रश्न, याच शब्दांत: "मागच्या वेळेनंतर कुठे भरती व्हावं लागलं का? चक्कर, भोवळ, धडधड, धाप? दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांनी काही नवं सुरू किंवा बंद केलं?" उत्तर "नाही" असलं तरी तारीख-वेळेसह लिहा. चूक झाली तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर नोंद, सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर खोलीत ठेवूच नका.